दोन घेतल्या की हात सैल होतो

"हॅलो?… हॅलो… हो, बोल पूर्णिमा. … नाही गं, झोपले नव्हते. … दुपारी झोपायची सवय नाही मला, माहीत आहे तुला. … हो, रजा टाकलीय. … कालही टाकली होती. …"

दीपालीने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. रविवारपासून ज्या फोनची ती वाट बघत होती, तो मंगळवारी दुपारी आला होता. पूर्णिमा तिची दहा-बारा वर्षांची मैत्रीण. दोघींचे नवरे एकाच कंपनीत, पूर्णिमाचा अनिरुद्ध एक पायरी वर, दीपालीचा समाधान एक पायरी खाली. पण बायकांनी ती पायरी कधी मधे येऊ दिली नव्हती. निदान दीपालीला तसं वाटत होतं.

"समाधान? … घरी नाहीये. … बाहेर गेलाय, बाबांबरोबर. … सांगते कुठे ते. आधी तू सांग, फोन कशासाठी केलास? … सहज. … चौकशी. बरं. कर चौकशी. …

ती बाई? … तिला नाव आहे, पूर्णिमा. गोदाबाई. … हो, शुद्धीवर आहे. … डावा डोळा गेला. … गेला म्हणजे गेला. काढावा लागला, काल. … मग तुला काय सांगितलं होतं, नुसती सूज आहे? … कोणी सांगितलं? … अच्छा. अनिरुद्धनी."

पलीकडे पूर्णिमा "अरे देवा" म्हणाली आणि पुढे बराच वेळ हळहळत राहिली. दीपालीने ते ऐकून घेतलं. कंपनीची वर्षातून एकदा गोल्फची स्पर्धा असे. मोठी गिऱ्हाइकं, त्यांचे साहेब, मांडव, जेवण, बक्षिसं. या वर्षी शहराबाहेरच्या एका क्लबात होती. तिथे हिरवळीच्या कडेला गोदाबाई तण उपटत बसली होती. येरवड्याहून ठेकेदाराच्या टेम्पोने येणारी, रोजावरची बाई. समाधानने मारलेला बॉल तिच्या डोळ्यावर बसला. आणि समाधान प्यायलेला होता.

"गेलो होतो ना हॉस्पिटलात. काल संध्याकाळी, दोघंही. … भेटली कुठली? तिच्या जावेनं दारातच उभं केलं. म्हणाली, 'आता काय बघायला आलाय? झालं ते दिसतंय की.' … नाही, मी काही बोलले नाही. काय बोलणार? बरोबरच बोलली ती. … समाधान? तो जिन्यात बसून राहिला. लोक त्याला ओलांडून जात होते. …

हो, अपघात. … अगं अपघातच म्हणतेय मी पण. मुद्दाम कोण मारेल? … हं. … हं. … काय म्हणालीस? … नाही, नीट ऐकू आलं. 'एवढी घ्यायला नको होती त्याने.' … बरोबर आहे तुझं. एवढी नको होती. म्हणजे केवढी चालली असती? …

रागवत नाहीये मी. विचारतेय. … अगं ऐक ना. ऐक. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या नवऱ्याला दारूचा वास ओळखता येत नव्हता. खोटं सांगत नाही. कफ सिरपची बाटली वाटायची त्याला. … आठवतं ना तुला? मग हेही आठवत असेल, पहिला ग्लास कोणाच्या दिवाणखान्यात भरला गेला ते."

समाधानला गोल्फची हौस कधीच नव्हती. खडकीत वाढलेला माणूस, बॅडमिंटन बरं खेळायचा. पण बढती मिळाली आणि कळलं की गिऱ्हाइकांशी खरं बोलणं रविवारी सकाळी हिरवळीवर होतं, सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यावर फक्त माना हलतात. मग पैसे भरून शिक्षक लावला, स्टिका घेतल्या, पांढरी टोपी घेतली. सरावाला एकटा असला की बॉल सरळ जायचा. पण जिथून पहिला फटका मारतात तिथे उभं राहिलं, मागे चार माणसं हाताची घडी घालून गप्प झाली, की त्याच्या तळव्यांना घाम सुटे. हजार कामगारांसमोर माईक न घेता बोलणारा माणूस, त्या चौघांच्या शांततेपुढे थरथरायचा. त्यांचे वडीलही क्लबात खेळलेले होते. कोणी कुठे उभं राहायचं, कधी हसायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. समाधान सगळं पन्नाशीच्या तोंडावर शिकत होता.

"अनिरुद्धनी सांगितलं होतं त्याला, तुझ्यासमोर. मी पण होते. खारे काजू आणत होतीस तू. … म्हणाले, 'गोल्फ हा डोक्याचा खेळ आहे समाधान. डोकं जेवढं कमी चालेल तेवढा फटका चांगला. दोन घेतल्या की हात सैल होतो.' … गंमत नव्हती ती. म्हणजे तुम्हाला गंमत असेल. याने ती औषधासारखी ऐकली. …

हो, मान्य. त्याचं त्याला कळायला हवं होतं. … लहान नाहीये तो, हेही मान्य. … नाही, मी त्याची वकिली करत नाहीये. घरात काय ऐकवलंय मी त्याला, ते तुला नाही सांगणार. पण वाईट काय झालं माहीत आहे? त्या पुढच्या रविवारी तो खरंच चांगला खेळला. … हो ना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. कोणीतरी पाठीवर थाप मारली. घरी आला तो असा, जसं काही लग्नाची बोलणी पक्की झालीयत. … पहिल्याच दिवशी बॉल झाडीत गेला असता ना पूर्णिमा, तर आम्ही वाचलो असतो."

पूर्णिमा पलीकडून समजुतीच्या सुरात बोलू लागली. तिचं म्हणणं, बेताने घेतली तर फायदा होतोच, अनिरुद्धनी कुठेतरी वाचलंय, हौशी खेळाडूंचा ताण त्याने उतरतो, तिथे सगळेच घेतात. दीपालीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उतरतो गं. ताण उतरतो, कोण नाही म्हणतंय? … पहिला अर्धा-एक तास उतरतो. मग बाकीचंही उतरायला लागतं. … मी बघितलंय. मी एकदा गेले होते की, तुमच्यासोबतच, मांडवाखाली बसून. सुरुवातीचे फटके झकास. खांदे खाली, चेहरा हसरा. नंतर हातभर लांबचं भोक, तिथून बॉल दोनदा बाजूने गेला. आणि हा हसतोय. अनिरुद्धही हसतायत. सगळेच हसतायत. … घरी येऊन मला काय सांगितलं असेल? तो एकच लांबचा फटका. चुकलेले सगळे विसरायचा आणि लागलेला एक चार दिवस सांगायचा. खेळ सुधारला नव्हता पूर्णिमा. चुकल्याचं वाटणं बंद झालं होतं. …

मग तेच बरं वाटायला लागलं. … मीटिंगच्या आधी. साहेबांच्या फोनच्या आधी. स्टीलची पाण्याची बाटली, वर लिंबाची फोड. मला वाटायचं, तब्येतीची काळजी घेतोय. … हसू नकोस. … बरं, नव्हतीस हसत. …

बाबांना आधी कळलं. … नाही, बोलले काही नाहीत. ते कुठे बोलतात? रोज सकाळी दोघं बरोबर वंदना म्हणायचे, समाधान शाळेत होता तेव्हापासून. एके दिवशी बाबा एकटेच बसले. याला हाकच मारली नाही. हा आंघोळ करून पंचा गुंडाळून बाहेर आला, तर त्यांची वंदना संपत आली होती. … बस. एवढंच. त्यानंतर आजतागायत नाही बोलावलं."

दीपालीने नळ सोडून ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. सासरे, धोंडिबा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. दारूगोळ्याची दारू तेवढी आयुष्यभर हाताळली, असं ते स्वतःच कोरडेपणाने म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच दिवशी घरातून गुत्त्याकडे जाणारा रस्ता बंद केला होता. पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, या घरात नुसतं म्हटलं जात नव्हतं. त्याच्या जोरावर मुलं शिकली होती, बायकांच्या अंगावरचे वळ थांबले होते. हे समाधान विसरला, म्हणून दीपाली त्याला माफ करू शकत नव्हती. पण ते पूर्णिमाला सांगायचं काम नव्हतं.

"हां, बोल. … आहे मी. … बोल ना, मुद्द्यावर ये. दहा मिनिटं झाली, तू अजून ज्यासाठी फोन केलास ते सांगितलं नाहीस. …

कंपनीची चौकशी, हो. कळलं. … गुरुवारी. … बरं. … त्याने काय लिहून द्यायचं? …

थांब. पुन्हा सांग. सावकाश. … मांडवात दारू नव्हती. … म्हणजे तो फ्रीज कसला होता? थंड पाण्याचा? … बरं, पुढे. … आणि समाधान घरूनच पिऊन आला होता. … असं त्याने स्वतः लिहून द्यायचं. …

आमच्या घरून.

… नाही, ओरडत नाहीये. … हं. म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव येणार नाही. कंपनीचं नाव येणार नाही. अनिरुद्धचं तर नाहीच नाही. … आणि मग कंपनी समाधानला सांभाळून घेईल. कसं? … राजीनामा देऊ देईल. काढणार नाही. … केवढं मन मोठं. …

आणि लोकांना ते पटेल, घरून पिऊन आला हे? … का पटेल? … नाही, सांग ना, का पटेल? … कमिटीत कोण काय म्हणालं? …

पूर्णिमा, वाक्य पूर्ण कर."

ओट्यावर मांजर चढू बघत होतं. दीपालीने त्याला हाकललं नाही. पलीकडून पूर्णिमा चाचरत, वाक्याला वळसे घालत, शेवटी ते बोलून गेली. बोलून गेल्यावर लगेच म्हणाली, तसा अर्थ नव्हता त्यांचा.

"'घरातूनच सवय असणार.' … असं अनिरुद्ध म्हणाले. … 'त्यांच्याकडे लहानपणापासून चालतं.' … त्यांच्याकडे म्हणजे कोणाकडे गं? …

नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय. खडकीकरांकडे? कारखान्यात काम करणाऱ्यांकडे? … अनिरुद्ध आमच्या घरी किती वेळा जेवलेत? … बाबांच्या शेजारी पाटावर बसून पुरणपोळी खाल्लीय त्यांनी. बाबांनी स्वतः तूप वाढलंय. … हो, ते रागात असतील. ताणात असतील. मग त्यांनी पण दोन घ्यायच्या ना, हात सैल होतो. …

मी शांतच आहे.

… अगं, तुला एक सांगू? समाधानला हे मी सांगणार नाही. पिऊन त्याने बाईचा डोळा घालवला, हे तो पेलेल की नाही माहीत नाही. पण ज्यांच्यासारखं दिसण्यासाठी तो ग्लास हातात घेतला, तेच त्याने ग्लास घेतल्यावर हे म्हणाले… हे त्याला नाही सांगणार मी. आणि बाबांना तर त्याहून नाही."

खाली सोसायटीत कोणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. पूर्णिमा आता रडत होती, हे दीपालीला कळत होतं. एरवी ती रडली असती तर दीपाली रिक्षा करून तिच्या घरी गेली असती. मागे पूर्णिमाची आई नारायण पेठेतल्या घरी पडली, तेव्हा अशीच गेली होती, रात्रभर हॉस्पिटलात बसली होती. आज तिला नुसतं ऐकू येत होतं.

"पूस डोळे. … पूस. मला एक विचारायचंय. … तू तिथे होतीस ना रविवारी? … मांडवाच्या कडेला, उन्हात खुर्ची ओढून. पीत नाहीस तू, तेव्हा तुला सगळं नीट दिसलं असणार. … मी समाधानकडून ऐकलंय, पण त्याच्या सांगण्यावर आता भरवसा नाही ठेवत मी. तू सांग. …

त्याला ती बाई दिसली होती. … हो ना? … तो थांबला होता. स्टिक खाली केली होती त्याने. … हं. … मग कोणी म्हटलं, 'मार रे, ती हलेल आपोआप'? …

पूर्णिमा? …

मागे थांबलेले लोक कंटाळले होते, हे मला माहीत आहे. गिऱ्हाइकाचा साहेब घड्याळ बघत होता, तेही. … मी ते नाही विचारलं. कोण म्हणालं, ते विचारलं. …

नाही गं, तेवढ्याने समाधान सुटत नाही. फटका त्यानेच मारला. प्यायलेला नसता तर थांबूनच राहिला असता, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. … तेच सांगायला गेलाय तो. … कुठे म्हणजे? पोलीस चौकीत. … आत्ता. बाबांना घेऊन. म्हणजे, बाबाच त्याला घेऊन गेलेत. जेवून उठले, कोट घातला, त्याच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, 'चल.' …

हो, जबाब द्यायला. … सगळं. किती प्यायला, कुठे प्यायला, कोणी ओतली. … आता कसा थांबवू? तासाभरापूर्वी गेलेत. झालंही असेल. … फोन घरीच ठेवून गेलाय. … नाही, मी सांगितलं नाही त्याला जायला. पण अडवलंही नाही. … नोकरी जाईल, हो. … केस होईल, हो. … फ्लॅटचे हप्ते माझ्या पगारात बसत नाहीत, तेही खरं. हे सगळं आम्ही काल रात्रीच बोललोय पूर्णिमा, तू नवीन काही सांगत नाहीयेस."

आणि तेवढ्यात दीपालीला पलीकडे एक आवाज ऐकू आला. खुर्ची सरकल्याचा. मग घसा खाकरल्याचा, दबलेला, पुरुषी. पूर्णिमाचं रडणंही एकदम थांबलं, कोणीतरी हात दाबल्यासारखं. दीपालीला आता लक्षात आलं, मघापासून पूर्णिमाच्या आवाजाला जो पोकळ घुमारा येत होता तो कशाचा होता.

"पूर्णिमा, फोन स्पीकरवर आहे का? …

… कधीपासून? … पहिल्यापासून."

ती स्टुलावर बसली. घरातलं, सासऱ्यांच्या वंदनेचं, नवऱ्याच्या बाटलीतल्या लिंबाच्या फोडीचं, सगळं ती मैत्रिणीला सांगत होती. आणि शेजारी बसून तो माणूस ऐकत होता. यातलं किती गुरुवारी चौकशीत कामाला येईल, याचा अंदाज घेत.

"असू दे. … नाही, बंद करू नकोस स्पीकर, असू दे. बरंच झालं. … मला अजून तुझ्याशीच बोलायचंय. एकच गोष्ट आहे. …

तू जे पाहिलंस, ते सांगशील? … माझ्यासाठी नको. समाधानसाठी तर मुळीच नको. गोदाबाईसाठी. उद्या तिला सांगतील, प्यायलेल्या एका माणसाचा दोष, बाकी कोणाचा काही संबंध नाही. आणि एका माणसाकडून तिला काय मिळणार? त्याची नोकरी तर जाणार. … तू फक्त एवढंच सांगायचंस, की मांडवात दारू होती आणि तो थांबला होता, तेव्हा कोणीतरी त्याला मार म्हणालं. नाव सुद्धा घेऊ नकोस हवं तर. … सांगशील?"

पूर्णिमाचा श्वास ऐकू येत होता, लाइन चालू होती. दीपालीने घाई केली नाही. तिला खरंच वाटत होतं, आता 'हो' येईल. एखादा अर्धा, रडवेला 'हो'. तिने डोळे मिटून त्या 'हो'ची वाट पाहिली. मांजर खाली उतरून निघून गेलं, भंगारवाल्याचा सौदा तुटला, आणि मग पलीकडून उत्तर आलं. अनिरुद्धचं. स्वच्छ, समजूतदार, मीटिंगमधला आवाज. आपण सगळे भावनेच्या भरात आहोत, वहिनी, असं काहीतरी.

दीपालीने त्याला वाक्य पूर्ण करू दिलं.

"मी आपल्याला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "मी पूर्णिमाला विचारलं होतं. … नाही, आपण बोलू नका. तिचं उत्तर कळलं मला.

ठेवते."